मेंढरांचा माळ

दिवाळी आटोपली की पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीसारख्या गावांतले धनगरवाडे पश्चिमेची वाट धरतात. घोड्यांवर बिऱ्हाड, पुढे कुत्री, मागे मेंढरं. पावसाळा त्यांनी पूर्वेच्या कोरड्या माळावर काढलेला असतो, कारण ओल जमिनीत मुरली की मेंढीचे खूर सडतात. आता कोकणात भात निघालेला असतो. मोकळ्या खाचरांत मेंढरं बसवायची आणि पुढच्या पावसाच्या आत घाट चढून परत यायचं, असा हा वर्षाचा फेरा. निसर्गाला धरून केलेल्या पशुपालनाची उदाहरणं आपले लेखक स्कॉटलंड नाहीतर आल्प्समध्ये शोधतात. दख्खनच्या पठारावरचं उदाहरण मात्र त्यांना दरवर्षी पुणे-नगर रस्त्यावर गाडी थांबवायला लावतं, आणि काच वर करून ते पुढे जातात.

मेंढरं बसवण्याचं गणित साधं आहे. रात्री शेतात वाघर, म्हणजे जाळं, लावून कळप कोंडायचा, सकाळी उठवायचा, दुसऱ्या रात्री जागा बदलायची. शेतकरी पूर्वी धान्य देई, आता बहुतेक ठिकाणी रोख रक्कम ठरते. कृषी विद्यापीठांच्या तक्त्यांत शेणखतातलं नत्र साधारण अर्धा टक्का धरतात, लेंडीखतातलं तीन टक्क्यांच्या आसपास. शिवाय मूत थेट मातीत मुरतं, जे उकिरड्यावरच्या खतात बरंचसं वायाच जातं. वाहतूक नाही, गाडीभाडं नाही. खत स्वतःच्या पायांनी चालत येतं.

इथे एक अडचण सांगितली पाहिजे. भारताचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम 2001 पासून राबवला जातो, आणि त्याची चौकट जमिनीला बांधलेली आहे: ठरावीक क्षेत्र, त्यावरचा चारा, त्याची नोंद. ज्याच्या नावावर कुरण नाही आणि ज्याची मेंढी आज फवारलेल्या रानाच्या धसकटावर, तर उद्या गायरानात चरते, त्याला प्रमाणपत्र मिळणार नाही. नियमाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण ज्या कळपामुळे दुसऱ्याचं शेत सेंद्रिय होतं तो कळपच सेंद्रिय ठरत नाही, हे त्या चौकटीचं अपुरेपण आहे.

आता पुन्हा पावसाकडे वळू. अभ्यासक माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी 1982 साली गवळी धनगरांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या एकूण कामातून दिसणारी वाटणी लक्षात घेण्यासारखी आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर, धो-धो पावसात, गवळी धनगर म्हशी पाळत. तिथे मेंढी टिकत नाही. पूर्वेच्या अवर्षणी पट्ट्यात हटकर धनगर मेंढरं राखत. तिथे म्हशीला पाणी पुरत नाही. पावसाच्या रेषेवर जनावर बदललेलं. पुढे माथ्यावरच्या गवळ्यांच्या वाट्याला धरणं आणि राखीव जंगलं आली. कोयना-चांदोलीच्या ज्या रानाचा 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तिथे त्यांचेही जुने वाडे होते.

माळाची कथा याहून विपरीत: माथ्यावरचं जंगल राखलं गेलं, माळाला कुणी रान मानलंच नाही. झाडं तोडली म्हणून माळ उरला, असं आपल्याला शाळेपासून वाटत आलेलं असतं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी 2025 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तेराव्या शतकापासूनचं मराठी साहित्य आणि मौखिक परंपरा तपासून त्यांतली झाडं नोंदवली. बोर, हिवर, खैर अशा उघड्या, काटेरी रानातल्या झाडांचे उल्लेख पाहून त्यांनी निष्कर्ष काढला की पश्चिम महाराष्ट्रातला हा माळ किमान साडेसातशे वर्षं असाच आहे. संतचरित्रांतून पर्यावरणाचा इतिहास निघावा, ही गोष्ट मला तरी फार आवडली. ग्युंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या ओव्या जमवल्या, तेव्हा त्या अशाही उपयोगी पडतील असं कुणाला वाटलं असेल?

तरीही सरकारी नकाशांत यातली पुष्कळ जमीन पडीक म्हणून दाखवली जाते, आणि पडीक म्हटलं की वृक्षारोपण आलं. सोलापूरच्या नान्नजला 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. त्या परिसरातल्या माळावरही ग्लिरिसिडिया लावला गेला. माळढोकाला दूरवर नजर जाईल असं उघडं रान लागतं. आज तिथे एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. लांडगा, चिंकारा, धाविक यांनाही असंच उघडं रान लागतं. हल्ली इंदापूरच्या कडबनवाडीत वनविभागानेच गवताळ सफारी सुरू केली आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

आदर्श गावांच्या चराईबंदीविषयीही बोललं पाहिजे, जरी ते अनेकांना आवडणार नसलं. हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीतून जे उभं केलं ते खरंच मोठं आहे. पण तीच बंदी गावोगाव सरसकट आली तेव्हा चालत्या कळपाच्या वाटेवर कुंपणं पडली. उरलेल्या तुकड्यांत मेंढरं दाटली, पवन्या आणि मारवेल ही चाऱ्याची गवतं मागे हटली, कुसळी माजली. अतिचराईने माळ उजाड होतो हे खरं आहे. पण कळप हलता राहिला तर गवताला सावरायला वेळ मिळतो; अडवला की तो एकाच जागी ओरबाडतो.

मेंढीच्या कातरलेल्या लोकरीला आता मोल उरलेलं नाही. जावळाची मऊ घोंगडी विणणारे, चिंचोक्याची खळ लावणारे सणगर मोजके राहिले, आणि काळ्या दख्खनी मेंढीची जागा बऱ्याच कळपांत मांसाला भारी असणाऱ्या जतच्या माडग्याळ मेंढीने घेतली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोल मेंढीचा जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून सुवर्णा मेंढी तयार केली. काम उत्तम आहे. मात्र जुळी पाजायची तर आईला पोटभर गवत हवं, म्हणजे पुन्हा प्रश्न माळाचाच.

2006 च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचे हंगामी चराईचे हक्क स्पष्ट लिहिलेले आहेत. धनगर अनुसूचित जमातीत नसल्याने त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. वर्षातले कितीतरी महिने वाटेवर असणाऱ्याने रहिवासाचा पुरावा कुठून आणायचा? संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे कुरणं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. तुमच्या ग्रामसभेत गायरानावर झाडं लावण्याचा ठराव आला, तर हात वर करण्याआधी एवढं विचारा, की इथे मेंढरं कोणत्या महिन्यात येतात. आणि ज्यांची येतात त्यांना त्या सभेला बोलवा.