कनातीच्या आतला उन्हाळा

मे २०२२. शव्वालचा महिना. नालासोपारा पूर्वेला, आचोळ्याच्या बाजूला आमच्या नात्यात निकाह होता. इमारतींमधल्या मोकळ्या जागेत मंडप घातला होता. पुरुषांची बाजू तिन्हीकडून उघडी. बायकांची बाजू मात्र चारही अंगांनी कनातीने बंद, वर ताडपत्री. जोहरनंतर दावत सुरू झाली. दुसऱ्यांदा दस्तरखान अंथरले आणि आमच्या खालाजान बसल्या जागी कलंडल्या. बाहेर आणून ओल्या कपड्याने अंग पुसले तेव्हा त्या सावरल्या, अल्हमदुलिल्लाह. बाहेर चांगला वारा होता. तो आत यायला वाटच ठेवलेली नव्हती.

त्या दिवशी मोबाईलवर तापमान जेमतेम बत्तीस-तेहतीस दिसत होते. आपण फसतो ते इथेच. समुद्राकाठच्या दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. तापमान ३२ अंश आणि हवेतली आर्द्रता ७० टक्के असली तर सावलीतही शरीराला ४१ अंशांसारखे वाटते. त्यात बंद मंडप, शेकडो माणसे, बाजूला देगीची आग! किनाऱ्यावर पारा किमान ३७ वर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश चढला की हवामान खाते उष्णतेची लाट धरते. पण लाट नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावरच्या सोहळ्यात उन्हाने १४ जणांचा जीव गेला, ही गोष्ट आपल्या किनारपट्टीवरचीच आहे.

मंडपवाला लगेच कूलर लावतो म्हणतो. बंद मंडपात पाण्याचा कूलर म्हणजे दमटपणात भर. फवाऱ्याच्या पंख्यांचेही तेच. त्या पैशांत मोठे साधे पंखे घ्यावेत आणि त्यांतले दोन आतली हवा बाहेर फेकतील असे उलटे लावावेत.

पडदा तर हवाच. पण पडदा नजर अडवायला असतो, वारा अडवायला नव्हे. कनात जमिनीपासून वीतभर वर बांधली आणि वर छतापर्यंत न नेता दोन-तीन फूट मोकळे सोडले, तर बाहेरून कोणी दिसत नाही आणि हवा खेळते. दाराशी एक कनात चार फूट पुढे आडवी उभी केली की दार उघडेच ठेवता येते. आपल्याकडे दुपारनंतर वारा कळंब-राजोडीच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून येतो. ती बाजू उघडी हवी. मावळतीचे ऊन येईल, त्याला पांढऱ्या कापडाची झालर पुरते. ताडपत्रीखालीही पांढरे कापड लावले तर डोक्यावरची धग कमी होते.

वेळेचे म्हणाल तर असरनंतर निकाह आणि मगरिबनंतर दावत, हे आम्हाला सर्वांत बरे वाटते. अडचण मुंब्र्याच्या मेहमानांची! वसई-दिवा मार्गावर गाड्या मोजक्याच. त्यांना पहिल्या दस्तरखानावर बसवावे. बिर्याणी देगीतून गरमच वाढावी. शिजलेले अन्न उकाड्यात एका तासापेक्षा जास्त उघडे ठेवू नये. एखाद्याला चक्कर आली, तो असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तोंडात पाणी ओतू नये. सावलीत न्यावे, अंगावर पाणी मारावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा.

तारखेचा प्रश्न मात्र चाँदच सोडवत आहे. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून २०१६ मध्ये ईद जुलैच्या पावसात होती, २०२२ मध्ये ३ मेला आली. २०२७ ची ईद १० मार्चच्या आसपास अपेक्षित आहे, पुढच्या वर्षी फेब्रुवारीअखेर. शव्वालमधल्या निकाहांना काही वर्षे थंड रात्री मिळतील, इन्शाअल्लाह. मेअखेरची तारीख मात्र आम्ही तरी सुचवणार नाही: २०२५ मध्ये मान्सून मुंबईत २६ मेलाच पोहोचला, नेहमीची तारीख ११ जून असताना.

खालाजानच्या नातीचे लग्न ठरते आहे. मंडपवाल्याशी बोलायला या वेळी त्या स्वतः जाणार आहेत.