रोजा आणि रोजनिशी

‘आज कितवा रोजा?’ रमजानमध्ये हा प्रश्न शेजारपाजारचे सगळेच विचारतात. रोजा, नमाज हे शब्द अरबी असावेत, असा अनेकांचा समज असतो. रमजान आणि इफ्तार हे मूळचे अरबी आहेतच. पण रोजा आणि नमाज मात्र फारसी. कुरआनात त्यांच्यासाठी ‘सियाम’ आणि ‘सलात’ असे शब्द आहेत. इस्लाम इराणात पोहोचला तेव्हा तिथल्या लोकांनी नव्या उपासनेला आपल्या भाषेतली जुनी नावे दिली. तीच नावे पुढे आपल्याकडे आली.

फारसी अरबी लिपीत लिहिली जाते, पण तिचे कुळ वेगळे. अरबी ही हिब्रूची बहीण, सेमिटिक कुळातली. फारसी, कुर्दी, बलुची, पश्तो या इराणी भाषा. पारशी बांधवांच्या अवेस्ता ग्रंथाची भाषाही याच घरातली. इराणी आणि संस्कृत-मराठीचे भारतीय आर्य घराणे मिळून इंडो-इराणी कुटुंब होते.

नाते ओळखायची खूण सोपी आहे. संस्कृतातल्या ‘स’च्या जागी तिकडे अनेकदा ‘ह’ येतो: सप्तचे हफ्त, मासचे माह. आपला ‘हप्ता’ त्या हफ्तवरूनच आला. नमाजचे नाते ‘नमस्’शी, म्हणजे आपल्या नमस्काराशी. ‘रोज’ म्हणजे दिवस. त्याचे मूळ प्रकाश या अर्थाचे, संस्कृत ‘रुच्’ धातूचे भावंड. त्याच रोजपासून रोजा झाला, आणि मराठीतली रोजनिशी व रोजंदारीही.

भाषांची शाखा ठरते ती ध्वनी आणि व्याकरणावरून, नकाशावरून नव्हे. बलुची इराणी प्रदेशाच्या पूर्व टोकाला बोलली जाते, तरी ती पश्चिम शाखेतली. कॉकेशसमधली ओसेटिक दूर पश्चिमेला, पण शाखा पूर्वेची. माणसे स्थलांतर करतात आणि भाषा सोबत नेतात. तसेच लिपीवरूनही कूळ ठरत नाही. उर्दूची लिपी फारसी वळणाची, पण तिची क्रियापदे आणि व्याकरण इथलेच. म्हणून ती मराठीची बहीण.

हल्ली काहींना ‘रोजा’ परका वाटतो, तर काहींना तो पुरेसा धार्मिक वाटत नाही, ‘सौम’च म्हणावे असे वाटते. दिवसभर राबून रोजंदारी घेणारा आणि त्याच दिवशी रोजा ठेवणारा माणूस मात्र दोन्हींसाठी एकच शब्द वापरतो. तो शब्द त्याचा आहे, आणि तुमचाही.