विश्लेषण : २७२ माणसे विकून कर्ज फेडले, जॉर्जटाउन विद्यापीठ १८३८चा हिशेब कसा चुकता करत आहे?

अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात शिकले. या नामांकित खासगी कॅथलिक विद्यापीठावर गुलामांच्या विक्रीचा डागही आहे. पूर्वजांच्या पापाची भरपाई आजच्या पिढीने करायची का, हा प्रश्न तिथे अजून धगधगतो आहे.

स्थापना कधी झाली?
अमेरिकेचे पहिले कॅथलिक बिशप जॉन कॅरोल यांनी १७८९ मध्ये ही संस्था स्थापन केली. सर्व धर्मपंथांच्या मुलांना सुरुवातीपासून प्रवेश होता. संस्था जेझुइट परंपरेतली, म्हणजे मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज ज्या धर्मसंघाने काढले, त्याच संघाची.

काय शिकवले जाते?
वैद्यकीय शाखा १८५१ मध्ये, तर विधी शाखा १८७० मध्ये सुरू झाली. सर्वाधिक दबदबा आहे तो १९१९ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्कूल ऑफ फॉरेन सर्व्हिस’चा. कतारमधील दोहा इथेही २००५ पासून कॅम्पस आहे.

१८३८ मध्ये काय घडले?
कॉलेज कर्जात बुडाले होते. मेरीलँडमधील जेझुइटांच्या मालकीची मोठी शेते होती आणि तिथे गुलाम राबत. त्यापैकी २७२ स्त्री-पुरुष आणि मुलांचा १ लाख १५ हजार डॉलरना सौदा झाला. बहुतेकांना दूर लुइझियानातील मळ्यांवर पाठवण्यात आले. कुटुंबांची ताटातूट करू नये आणि पैसा कर्जफेडीला वापरू नये, अशा अटी रोममधील जेझुइट प्रमुखांनी घातल्या होत्या. दोन्ही मोडल्या गेल्या.

पुढे १८७३ मध्ये पॅट्रिक हीली विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. त्यांची आई गुलाम होती. मुख्य इमारतीला आज त्यांचेच नाव आहे.

विद्यापीठाने काय केले?
विकल्या गेलेल्यांच्या वंशजांना प्रवेशात प्राधान्य देण्याची घोषणा २०१६ मध्ये झाली. त्यात शिष्यवृत्ती मात्र नव्हती. २०१७ मध्ये विद्यापीठाने जाहीर माफी मागितली. सौदा करणाऱ्या थॉमस मलेडी यांचे नाव इमारतीवरून हटवून आयझॅक हॉकिन्स यांचे नाव देण्यात आले. विक्रीच्या कागदपत्रात पहिले नाव त्यांचेच होते.

विद्यार्थ्यांनी काय कौल दिला?
वंशजांसाठी प्रत्येक सत्रात २७.२० डॉलर शुल्क भरावे का, यावर एप्रिल २०१९ मध्ये मतदान झाले. सुमारे दोन तृतीयांश मते बाजूने पडली. हा आकडा २७२ जणांच्या स्मरणार्थ निवडला होता. मात्र कौल बंधनकारक नव्हता. विद्यापीठाने शुल्काऐवजी देणग्यांतून वर्षाला सुमारे ४ लाख डॉलर उभारण्याचा मार्ग निवडला.

फरक काय पडतो?
शुल्क म्हणजे प्रत्येकाने उचललेली जबाबदारी, तर देणगी ऐच्छिक. वाद रकमेपेक्षा या फरकाचा आहे. इमारतीची पाटी बदलणे सोपे असते. कर्ज नेमके कोणाचे, हे ठरवणे अवघड.