थोडी वस्त्रे, दीर्घ आयुष्य

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा होत, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहो. त्यांपैकी अन्नाच्या गरजेला पोटाची मर्यादा असते. वस्त्राच्या गरजेला अशी नैसर्गिक मर्यादा नाही. कपाट भरले तरी मन भरत नाही, आणि भरलेल्या कपाटासमोर उभे राहून 'आज नेसावे काय?' असा प्रश्न पडतो तो पडतोच. २००० ते २०१५ या काळात जगातील कपड्यांचे उत्पादन सुमारे दुप्पट झाले. परंतु टाकून देण्यापूर्वी एक कपडा जितक्या वेळा वापरला जाई, ती संख्या एक तृतीयांशाहून अधिक घटली, असा अंदाज २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. म्हणजेच कपडे वाढले, पण त्यांचे आयुष्य कमी झाले.

यात हानी कोणाची? पहिली आपल्या खिशाची, दुसरी निसर्गाची. एक किलो सुती कापड तयार होण्यास, शेतापासून रंगाईपर्यंत, जागतिक सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी लागते. यातील काही पाणी पावसाचे असते, तर काही विहिरी, कालवे व नद्या यांचे. पाव किलो वजनाचा एक सदरा घेतला तर त्याच्यामागे २,५०० लिटर पाणी खर्ची पडलेले असते. असा सदरा चार वेळा घालून टाकून देणे म्हणजे ते पाणीच ओतून देणे होय.

कापड का झिजते?

कापसाचा तंतू म्हणजे मुख्यत्वे सेल्युलोज. त्याची लांबी साधारणपणे दोन ते साडेतीन सेंटिमीटर असते. असे असंख्य आखूड तंतू पीळ देऊन एकत्र आणले की सूत होते, आणि ताण्याबाण्यात सूत गुंफले की कापड होते. सुताला धरून ठेवणारी शक्ती ही तंतूंचे परस्परांशी होणारे घर्षण होय. तंतू लांब असतील तर ते एकमेकांना अधिक अंतरापर्यंत धरून ठेवतात व सूत मजबूत होते. तंतू आखूड असतील तर त्यांची टोके लवकर बाहेर निसटतात, एकमेकांत गुंततात आणि कापडावर बोंदे धरतात. शुद्ध सुती कापडावरील बोंदे बहुधा गळून पडतात. पण पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडात बळकट कृत्रिम तंतू त्यांना धरून ठेवतात. म्हणून असे कापड न फाटताही लवकर जुने दिसू लागते.

झिजेची ठिकाणे ठरलेली असतात: गळपट्टीची दुमड, बाहीचा काठ, कोपर, बगल व मांड्यांमधील भाग. सबंध कपडा एकाच वेळी कधीच जीर्ण होत नाही. एखादी बोटभर जागा विरते आणि तेवढ्यासाठी हातभर चांगले कापड टाकून दिले जाते.

धुण्यानेही झीज होते. कापसाचा तंतू ओला असता अधिक बळकट होतो. म्हणून सुती कपडा धोपटणे व पिळणे बरेच सोसतो. रेयॉनचे याच्या उलट आहे. तेही सेल्युलोजच, परंतु ओले झाल्यावर त्याची ताकद बरीच घटते. तेव्हा रेयॉनची साडी सुती साडीप्रमाणे पिळणे योग्य नव्हे. विरंजक चूर्णाचा अतिरेक झाल्यास सेल्युलोजचे लांब रेणू तुटतात व पांढरा शुभ्र सदरा एके दिवशी टर्रकन फाटतो. कडक ऊन रंग उडविते, आणि रेशमाला तर विशेषच अपाय करते. यासाठी रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळवावेत.

निवड कशी करावी?

पहिला विचार हवामानाचा. हवेत मध्यम आर्द्रता असता कापूस आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के बाष्प धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. उन्हाळ्यात सुती कपडा सुखावह वाटतो याचे हे एक महत्त्वाचे कारण होय. पण हाच गुण पावसाळ्यात दोष ठरतो. कोकणात किंवा केरळात आषाढात सुती कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. तेथे मिश्र धाग्याचे एक-दोन कपडे असणे शहाणपणाचे.

दुसरा विचार बांधणीचा. कापड उजेडासमोर धरून वीण सारखी व दाट आहे काय ते पाहावे. शिवण उलटून टाके जवळजवळ आहेत काय, आणि आत पुरेशी माया सोडली आहे काय, हे तपासावे. माया असेल तर अंग भरल्यावर कपडा उसवून सैल करता येतो. नसेल तर तो टाकावा लागतो.

तिसरा विचार मेळाचा. समजा, आपल्याजवळ चार सदरे व तीन विजारी आहेत आणि प्रत्येक सदरा प्रत्येक विजारीवर शोभतो. तर बारा वेगवेगळे पोशाख होतात. सर्वांशी जुळणारा पाचवा सदरा घेतल्यास तीन नवे पोशाख मिळतात. एकाच विजारीशी जुळणारा घेतल्यास केवळ एक. साड्या आणि पोलकी यांनाही हाच हिशेब लागू आहे. एखाद-दोन सौम्य रंग पायाला धरून बाकीचे रंग त्यांवर बेतले, तर थोड्या वस्त्रांत विविधता येते. स्वतःची अशी वेशभूषा म्हणतात ती हीच. आपले काम, आपला बांधा व आपले हवामान यांना साजेशी निवड पुनःपुन्हा केल्याने ती घडते. दर ऋतूला नवी खरेदी केल्याने नव्हे.

किमतीचा विचारही याच रीतीने करावा. चारशे रुपयांचा सदरा पंचवीस वेळा वापरून टाकला तर दर वापरास सोळा रुपये पडले. हजार रुपयांचा सदरा दोनशे वेळा वापरला तर पाचच रुपये. मात्र महाग ते टिकाऊच असते असे नाही. म्हणूनच वर सांगितलेली तपासणी आवश्यक आहे.

एक ऐतिहासिक दाखला

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांवर नियंत्रण आले. पहिल्या वर्षी प्रत्येक माणसास ६६ कूपने मिळाली व पुढे ती आणखी कमी करण्यात आली. १९४३ मध्ये तेथील सरकारने जुने कपडे दुरुस्त करून वापरण्याविषयी पुस्तिका काढली. हे नियंत्रण १९४९ पर्यंत चालले. आपल्याकडे अशी पुस्तिका नसतानाही ही विद्या घरोघर नांदत होती. महाराष्ट्रातील गोधडी, बंगालमधील कांथा व बिहारमधील सुजनी या सर्वांचा उगम जुन्या वस्त्रांचे थर एकत्र शिवण्यात आहे. उत्तम रफूगराने भरलेले भोक शोधूनही सापडत नाही.

टाकलेल्या कपड्यांचा पुन्हा धागा होतो, हे खरे. हरियाणातील पानिपत येथे देशोदेशींचे जुने लोकरी कपडे रंगांप्रमाणे वेगळे करून, पिंजून, त्यांच्या सुताची ब्लँकेटे विणतात. परंतु पिंजताना तंतू तुटून आखूड होतात आणि नवे सूत पहिल्यापेक्षा हलके उतरते. म्हणून पिंजण्यापेक्षा दुरुस्ती बरी, आणि दुरुस्तीपेक्षा आरंभीची जपणूक बरी.

साठवण

खळ दिलेले कपडे दीर्घकाळ ठेवून देऊ नयेत. चंदेरी कसर खळीवर जगते. लोकरीतील प्रथिन हे कसरीच्या अळ्यांचे खाद्य असल्याने लोकरी कपडे धुऊन, पूर्ण वाळवूनच पेटीत ठेवावेत. घामाचे व अन्नाचे डाग तसेच राहिल्यास किडीला आयतेच निमंत्रण मिळते.

वाचकांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. कपाटातील सर्व कपडे एकाच बाजूला लावावेत आणि वापरलेला प्रत्येक कपडा धुऊन आल्यावर दुसऱ्या बाजूस ठेवावा. वर्षअखेरीस पहिल्या बाजूला जे उरेल त्याची एका वहीत नोंद करावी व प्रत्येकापुढे तो का वापरला नाही याचे कारण लिहावे: घट्ट होतो, टोचतो, कशाशीच जुळत नाही, बटण तुटले आहे. त्यांतील काही एका सुईदोऱ्याने पुन्हा वापरात येतील आणि काही दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडतील. उरलेली कारणे पुढील खरेदीस जाताना वाचून जावीत.