छतावर जाणारा जिना

आमच्या गावच्या नगरपालिकेच्या नाट्यगृहात तिसरी घंटा शेवटची वाजली ती २०२० सालच्या फेब्रुवारीत. दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. त्या संध्याकाळी आमच्या महाविद्यालयाची एकांकिका होती, आणि ऐन दुसऱ्या प्रवेशात गावाची वीज गेली. आमची नायिका मोठी धीराची. तिने उरलेले स्वगत अंधारातच म्हणून टाकले. प्रेक्षकांना वाटले, ही दिग्दर्शकाचीच काही नवी कल्पना असावी. परीक्षकांनाही तसेच वाटले असले पाहिजे, कारण त्या वर्षीचे प्रकाशयोजनेचे बक्षीस आम्हांला मिळाले!

नाट्यगृहाच्या मागे जनरेटर होता. तो चांगला नवाकोरा होता. मात्र त्यात डिझेल नव्हते. त्या वेळी आम्ही हसून तो विषय सोडून दिला. जनरेटर आहे आणि डिझेल नाही, या एका गोष्टीत नाट्यगृहाची सारी पुढची कहाणी साठवलेली आहे, हे समजायला मला पुढे काही वर्षे जावी लागली.

मार्चमध्ये टाळेबंदी आली. यथावकाश ती उठली, राज्यातली नाट्यगृहे एकेक करून उघडली. आमचे उघडले नाही. मधल्या दोन पावसाळ्यांत छतातून पाणी उतरले, आतल्या आच्छादनाचे तुकडे खुर्च्यांवर पडले आणि दाराला जे कुलूप लागले ते लागलेच. आमची मुले आता मंगल कार्यालयात तालमी करतात. अर्थात मुहूर्त नसेल त्या दिवशी. वऱ्हाडी मंडळींच्या उरलेल्या अक्षता पायांखाली तुडवीत शोकांतिका बसवणे किती कठीण आहे, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

अशाच एका तालमीनंतर प्रथम वर्षाच्या एका मुलाने मला विचारले, “सर, ते नाट्यगृह कोणाचं आहे?”

“नगरपालिकेचं. म्हणजे आपलंच की रे.”

“मग आपल्यालाच आत का जाता येत नाही?”

मी गेली वीस वर्षे मराठी शिकवतो. हिशेबाशी माझा संबंध पगाराच्या पावतीपुरता. ‘नाट्यगृह कोणाचे?’ या प्रश्नाचे माझ्या विषयातले उत्तर मात्र मला देता येत होते, आणि ते असे.

मराठी नाटक जन्मले राजाच्या घरी. १८४३ साली सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी आश्रय दिला म्हणून विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. पुढे नाटक बाजारपेठेत आले. १८८० साली किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात झाले ते आनंदोद्भव नाट्यगृहात. अशी नाट्यगृहे खाजगी मालकीची असत, आणि मालकाचे लक्ष तिकीटविक्रीवर असे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर उभारले. तेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. मग १९३२ साली मराठी बोलपट आला, आणि खाजगी मालकांनी आपल्या नाट्यगृहांत पडदे टांगून चित्रपट दाखवायला सुरुवात केली. धंद्याच्या दृष्टीने त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही. संस्थाने विलीन झाली तेव्हा राजेही गेले. नाटक अक्षरशः रस्त्यावर आले.

त्याला घर दिले ते नगरपालिकांनी आणि महापालिकांनी. पुण्याच्या महापालिकेने बालगंधर्व रंगमंदिर बांधायला घेतले, तेव्हा १९६२ च्या ऑक्टोबरात त्याची कोनशिला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली. पु. ल. देशपांड्यांनी त्याच्या उभारणीत जातीने लक्ष घातले. २६ जून १९६८ रोजी, बालगंधर्वांच्या ऐंशीव्या जयंतीला, यशवंतराव चव्हाणांनी त्याचे उद्घाटन केले. ते पाहायला बालगंधर्व मात्र नव्हते. आदल्याच वर्षी जुलैत ते गेले होते. ठाण्याचे गडकरी रंगायतन १९७८ सालचे. नाशिकचे कालिदास कलामंदिर असो, मुलुंडचे कालिदास असो की पार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, ही सारी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पैशातून उभी राहिलेली. आज मराठी नाटकाचा दौरा निघतो तो बव्हंशी पालिकांच्या छपरांखालूनच फिरतो. राजाश्रय गेला, आणि त्याची जागा अंदाजपत्रकातल्या एका ओळीने घेतली.

ती ओळ पाहावी म्हणून मी एके दिवशी नगरपालिकेत गेलो. लेखाविभागात माझीच एक जुनी विद्यार्थिनी आहे. बी. ए. ला तिने मराठी घेतले होते. पुढे स्पर्धा परीक्षा देऊन ती हिशेबाकडे वळली. मला पाहताच ती उठून उभी राहिली.

“सर, तुम्ही? आणि इथं?”

“अगं, एक धडा समजत नाही. समजावून दे.”

तिने अंदाजपत्रकाचे जाडजूड बाड पुढे ओढले आणि मला शिकवायला सुरुवात केली. ती म्हणाली, “सर, आधी एवढं लक्षात घ्या, की नाट्यगृह हे आमचं आवश्यक कर्तव्यच नाही. नगरपालिकेचा कायदा १९६५ चा. त्यात पाणी, गटारं, दिवाबत्ती, साफसफाई ही करायलाच हवीत अशी कामं. बागा, वाचनालयं, संग्रहालयं, सभागृहं ही ऐच्छिक. करावीशी वाटली आणि पैसा असला तर करायची.”

“पण घटनेत तर—” मी म्हणालो. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली, तिच्या अठरा विषयांत सांस्कृतिक बाबींना उत्तेजन देणे हाही एक विषय आहे, एवढे मी वाचून गेलो होतो.

“आहे ना, तेरावा विषय. पण विषय आला म्हणून पैसा आला असं होत नाही, सर.” ती हसली. “आता हे पाहा. आमच्या खर्चाच्या दोन बाजू. एक भांडवली, एक महसुली. इमारत बांधणं, यंत्र घेणं हे भांडवली. पगार, वीज, डिझेल, झाडलोट, डागडुजी हे महसुली. भांडवली पैसा पुष्कळ वाटांनी येतो. वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठी राज्याचं विशेष अनुदान असतं, आमदारांचा निधी असतो, खासदारांचा असतो.”

खासदार निधीची योजना १९९३ साली सुरू झाली ती मुळात टिकाऊ मालमत्ता उभारण्यासाठीच, हे तिने मला सांगितले. उभारलेली मालमत्ता रोज झाडायची कोणी, हा त्या योजनेचा विषय नव्हता.

“आणि महसुली पैसा?”

“तो आमचा आम्ही मिळवायचा. नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली. तिच्याबदली शासनाचं अनुदान येतं, ते बरंचसं पगारातच जातं. राहिली घरपट्टी, ती वाढवायची म्हटलं की गाव अंगावर येतं. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी पैसा दिला, पण त्याचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला. मग नाट्यगृहाच्या छतासाठी हात आखडतो.”

एवढे बोलून तिने दोन पानांवर बोट ठेवले. पहिल्या पानावर गावात नव्याने उभारायच्या सांस्कृतिक भवनाची तरतूद होती. तो आकडा आठ आकडी होता. दुसऱ्या पानावर ‘नाट्यगृह देखभाल व दुरुस्ती’ अशी एक ओळ होती. तिच्यापुढचा आकडा पाच आकडी होता.

“यातले थोडे तिकडे वळवता येणार नाहीत?” मी भाबडेपणाने विचारले.

“नाही सर. अनुदान ज्या कामासाठी आलं त्यालाच लावायचं. दुसरीकडे वळवलं तर लेखापरीक्षणात आक्षेप.”

“आणि नाट्यगृह चालू होतं तेव्हा भाडं येत होतंच की!”

“येत होतं. ते पालिकेच्या सर्वसाधारण खजिन्यात जमा व्हायचं. नाट्यगृहाच्या नावानं वेगळा डबा कुठं होता?”

म्हणजे एका बाजूने जुने नाट्यगृह गळते आहे आणि दुसऱ्या बाजूने नवे भवन उभे राहते आहे. आणि या दोन्ही गोष्टी नियमाला धरूनच चालल्या आहेत. यात कोणी पैसा खाल्लाच पाहिजे असे नाही. आपण मात्र काही बंद पडले की आधी लाचलुचपतीचा संशय घेतो. सारे प्रामाणिक असूनही छत गळू शकते, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

मी परत निघालो आणि वाटेत नाट्यगृहाच्या फाटकापाशी थांबलो. तिथे मामा बसले होते. हे आमचे नाट्यगृहाचे जुने रखवालदार. त्याआधी ते एका नाटक कंपनीबरोबर दिवे सांभाळत हिंडत असत. सारे गाव त्यांना मामाच म्हणते. त्यांना सर्व हकीकत सांगितली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “सर, मी तेव्हाच म्हटलं नव्हतं का? जिना ठेवा.”

वाचकहो, इथे मला स्वतःबद्दल थोडे सांगणे भाग आहे. नाट्यगृह बांधायचे ठरले तेव्हा पालिकेने गावातल्या चार जाणत्या माणसांची एक सल्लागार समिती नेमली होती. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, आणि जाणता म्हणवून घ्यायला अत्यंत उत्सुक होतो. समितीच्या बैठकीत मी मोठ्या आवेशाने बोललो. दर्शनी भाग भव्य हवा. प्रवेशद्वारावर नटराजाची मूर्ती हवी. आसने सातशेच्या खाली नकोत. पैसा मर्यादित होता. अभियंता म्हणाला, मग काही गोष्टी कमी कराव्या लागतील. बैठकीला मामाही एका कोपऱ्यात उभे होते. त्यांनी भीतभीत एकच गोष्ट मागितली: छतावर जायला आतून एक जिना. पन्हळी साफ कराव्या लागतात, पत्रे पाहावे लागतात, पावसाळ्याच्या तोंडी माणूस वर चढलाच पाहिजे.

जिना कमी झाला. मूर्ती राहिली. त्या निर्णयाच्या कागदावर माझीही सही आहे.

पुढे दर वर्षी पिंपळाची पाने पन्हळीत साचत गेली. शिडी आणावी तर ती अग्निशामक दलाकडे मागावी लागे, आणि मागणीच्या अर्जावर शेरा पडेपर्यंत पाऊस येऊन जाई. टाळेबंदीतल्या दोन वर्षांत तर तेही कोणी केले नाही. पन्हळी तुंबल्या, पाणी आत वळले. नाट्यगृह आजारपणाने बंद पडले, जिन्याने काय झाले, असे मी स्वतःला सांगून पाहिले; पण ते पटले नाही.

हे सारे माझ्या मनात घोळत असतानाच २०२४ चा ऑगस्ट आला. ८ ऑगस्टच्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवराव भोसल्यांची जयंती होती. जळक्या वास्तूपुढे उभी राहून माणसे रडत होती. त्यांत नटही होते आणि कधीकाळी तिथे तिकीट काढून बसलेले साधे प्रेक्षकही होते. राज्य शासनाने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला, आणि तो करायलाच हवा होता. माझ्या मनात मात्र एक अप्रिय विचार आला. जळालेल्या वास्तूसाठी पैसा मागायला सारे राज्य एकमुखाने उभे राहते. थेंबथेंब गळणाऱ्या वास्तूसाठी कोणी रडत नाही. आमच्या नाट्यगृहाचे मरण इतके सावकाश चालले होते, की त्याची बातमीही झाली नाही.

मग करायचे काय? मी काही अर्थशास्त्रज्ञ नव्हे. पण माझ्या त्या विद्यार्थिनीशी पुन्हा दोन-तीनदा बोलून काही साध्या गोष्टी मला उमगल्या. नवी वास्तू मंजूर करताना तिला पुढची दहा वर्षे दर साल काय खर्च येईल आणि तो कोणत्या उत्पन्नातून भागेल, याचा एक कागद प्रस्तावाला जोडावा; तो कागद नसेल तर कोनशिला बसवू नये. नाट्यगृहाचे भाडे निराळ्या ठेवीत जमावे आणि ते नाट्यगृहालाच लागावे. आणि दर वर्षी मृगापूर्वी एका जबाबदार माणसाने छतावर चढून खाली आल्यावर सही करावी. यातल्या एकाही गोष्टीला फार पैसा लागत नाही. मात्र यातल्या एकाही गोष्टीचे उद्घाटन करता येत नाही, हीच अडचण आहे.

आणि आपले काय? अंदाजपत्रक दर वर्षी मांडले जाते. मधली काही वर्षे बहुतेक नगरपालिकांत निवडून आलेली सभाच नव्हती, प्रशासकांचा कारभार होता, हे खरे. पण सभा होती तेव्हा तरी आपल्यापैकी किती जणांनी ते बाड उघडले होते? मी तर नाहीच. केशवसुतांच्या एका शब्दावर तासभर वाद घालणारा मी, गावाच्या वर्षभराच्या जमाखर्चाची चार पाने मला वाचाविशी वाटली नव्हती.

या वर्षी मेमध्ये एक छोटी गोष्ट घडली. किरकोळ दुरुस्तीच्या खर्चात बसवून पालिकेने नाट्यगृहाच्या मागच्या भिंतीला एक लोखंडी जिना लावून घेतला. त्यासाठी आम्ही अर्ज केला होता, आणि अर्जावर आमच्या महाविद्यालयाच्या सव्वाशे मुलांच्या सह्या होत्या. जिन्यावरून पहिल्यांदा मामा वर चढले. मी “जपून, मामा” म्हणत खाली उभा राहिलो. नेहमीप्रमाणे सल्लागाराच्या भूमिकेत. त्यांच्यामागून आमची दोन मुले गेली. त्यांत मला प्रश्न विचारणारा तो मुलगाही होता. दुपारपर्यंत त्यांनी पाच पोती पाने काढली. त्यांत एक चप्पल निघाली, बॅडमिंटनची फुले निघाली, आणि भिंतीत मूळ धरलेली पिंपळाची तीन रोपे निघाली.

नाट्यगृह अजून उघडलेले नाही. आतले आच्छादन, खुर्च्या, अग्निशमनाची व्यवस्था, पुष्कळ काही व्हायचे आहे, आणि त्याला भांडवली तरतूद कधी मिळेल हे त्या बाडालाच ठाऊक. पण यंदाच्या पावसाळ्यात आत पाणी आले नाही.

आता दिवाळी आली आहे. घरोघर जळमटे निघाली, माळे उपसले गेले, भिंतींना रंग लागला. घर बांधले त्या वर्षीची वास्तुशांत एकदाच होते. हे मात्र दर वर्षी करावे लागते, आणि याची पत्रिका कोणी छापत नाही. लहानपणी आमच्याकडे माळ्यावर चढून जळमटे काढायचे काम आईकडे असे. फराळाचे कौतुक सारे करीत. जळमटांबद्दल तिला कोणी काही म्हटल्याचे मला आठवत नाही.

परवा वसुबारसेला मामांना फराळ द्यायला गेलो, तर ते फाटकाशी नव्हते. हाक मारली, तेव्हा उत्तर वरून आले. ते छतावर होते.