प्रामाणिकपणाचे १० पॉइंट

समजा, एका खेळात तुम्हाला स्वतःसाठी एक कमजोरी निवडायची आहे. समोर यादी आहे: खादाडपणा, लोभ, भित्रेपणा, एक डोळा नसणं... आणि मध्येच लिहिलंय, प्रामाणिकपणा! छापताना चूक झाली की काय? मुळीच नाही. अमेरिकेतल्या स्टीव्ह जॅक्सन यांनी १९८६मध्ये 'गर्प्स' नावाचा खेळ काढला. त्यात प्रामाणिकपणा ही चक्क उणीव आहे आणि ती घेतली की खेळाडूला १० पॉइंट मिळतात. घरात हे लगेच वाचून दाखवू नका हं! आधी भानगड काय आहे ते बघू.

गर्प्ससारखे खेळ टेबलाभोवती बसून खेळतात. कागद, पेन्सिल, फासे आणि भरपूर बडबड, एवढंच सामान. प्रत्येक जण एकेक कॅरेक्टर होतो. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी अंतराळवीर. एक जण असतो गेम मास्टर. तो गोष्ट सांगत जातो, "समोर दरी आहे, पूल तुटलाय, आता काय करता?" मग आपलं कॅरेक्टर काय करील ते बाकीचे सांगतात आणि ते जमलं की फसलं, हे फासे ठरवतात. या सगळ्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा १९७४चा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. त्यात ताकद, बुद्धी, चपळाई अशा सहा गुणांसाठी प्रत्येकी तीन फासे टाकायचे. पडेल ते दान आपलं. बुद्धीच्या वेळी तीनही फाशांवर एकेकच आला, तर तुमचा जादूगार ढ! म्हणजे कमजोरी तेव्हाही होती, पण ती नशिबाने गळ्यात पडायची.

ती आपण होऊन मागून घ्यायची कल्पना रुजवली ती सुपरहिरोंनी. सुपरमॅनला क्रिप्टोनाइट या दगडाची भीती नसती, तर त्याची प्रत्येक गोष्ट दोन पानांत संपली असती. म्हणून १९८१मध्ये जॉर्ज मॅकडोनाल्ड आणि स्टीव्ह पीटरसन यांनी 'चॅम्पियन्स' हा सुपरहिरोंचा खेळ केला, तेव्हा कमजोरीला थेट नियमांतच जागा दिली. प्रत्येकाला ठरावीक पॉइंट मिळणार आणि त्यातून त्याने आपल्या शक्ती विकत घ्यायच्या. पॉइंट कमी पडले? घ्या एखादी उणीव, मिळवा आणखी पॉइंट. कायम मागावर असलेला वैरी किंवा सारखं वाचवावं लागणारं घरचं माणूस, हीसुद्धा इथे उणीवच. लपाछपीत धाकट्याला आपण कच्चं लिंबू करतो ना, तशीच ही सवलत. फक्त इथे ती थोरच मागतात आणि बदल्यात एक अडचण कबूल करतात.

आता या प्रामाणिकपणाचं कोडं सोडवू. गर्प्समधलं प्रामाणिक कॅरेक्टर कायदा मोडत नाही, आणि होता होईल तो बरोबरच्यांनाही मोडू देत नाही. दुष्ट राजाच्या वाड्यातून किल्ली पळवायचीय, सगळे कमरा कसून तयार, आणि हे महाशय दारातच हटून बसतात, "चोरी? छे छे!" गोष्टीत अडचण आणते ती उणीव, एवढाच इथला हिशोब. गुण चांगला की वाईट, याच्याशी पॉइंटांना काही देणंघेणं नाही.

अशा स्वभावाच्या उणिवांवर एक उतारा आहे, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच. गर्प्सच्या २००४च्या आवृत्तीत मन आवरायचं असेल तर तीन फासे टाकायचे. बेरीज १२ किंवा त्याहून कमी आली, तर आवरलं. १२ऐवजी ९ हा आकडाही निवडता येतो. तो घेतला तर उणिवेचे दीडपट पॉइंट मिळतात आणि ६ घेतला तर दुप्पट. आहे ना मोह पडण्यासारखं? थांबा, जरा गणित करू.

तीन फासे एकूण २१६ प्रकारे पडू शकतात, ६ गुणिले ६ गुणिले ६. बेरीज ३ यायला प्रकार एकच, तीनदा एक. पण बेरीज १० तब्बल २७ प्रकारांनी येते! म्हणून मधल्या बेरजा वारंवार पडतात आणि टोकाच्या क्वचित. १२ किंवा कमी बेरीज येण्याचे प्रकार १६०, म्हणजे मन सुटतं ते उरलेल्या ५६ प्रकारांत. आकडा ९ घेतला की मन सुटण्याचे प्रकार होतात १३५, आणि ६ घेतला की १९६. आता ताळा बघा. त्रास जवळजवळ अडीचपट, मोबदला दीडपट. त्रास साडेतीनपट, मोबदला फक्त दुप्पट! पॉइंटांपुरतं बोलायचं तर १२चाच सौदा फायद्याचा. गमतीपुरतं बोलायचं तर मी डोळे मिटून ६ घेईन.

चलाख खेळाडू मात्र भलतीच वाट शोधतात. गोष्ट वाळवंटातली आणि यांची उणीव काय, तर खोल पाण्याची भीती! पॉइंट फुकट, त्रास शून्य. याला आळा घालायला गेम मास्टर लागतो, तो अशी उणीव नाकारू शकतो. नंतरच्या काही खेळांनी याहून नामी युक्ती काढली. शेन हेन्सली यांच्या २००३च्या 'सॅव्हेज वर्ल्ड्स'मध्ये उणिवेमुळे खेळता खेळता खरोखर अडचण आली, तर तिथल्या तिथे एक चकती बक्षीस मिळते. ती दिली की फसलेला फासा पुन्हा टाकता येतो. 'फेट'मध्ये तर गेम मास्टर पॉइंट पुढे करून विचारतो, "तुझं कॅरेक्टर तापट ना? मग राजदूताशी भांडण काढशील?" हो म्हटलं तर पॉइंट तुमचा, नको असेल तर उलट आपल्याजवळचा एक द्यायचा. इथे खेळाडू स्वतःहून खड्ड्यात उड्या मारतात!

एक गोष्ट मात्र मला खटकते. गर्प्समध्ये अंधत्वाचे ५० पॉइंट आणि एक डोळा नसण्याचे १५. लोभाला किंमत लावणं वेगळं, माणसाच्या शरीराला लावणं वेगळं. २०२०मध्ये सारा थॉम्पसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'साठी लढाऊ व्हीलचेअरचे नियम लिहिले आणि मोफत दिले. त्या खुर्चीत बसून योद्धा तळघरातून फिरतो, लढतो. मला ही वाट जास्त पटते.

आता तुम्ही एक करा. सापशिडीचे, ल्यूडोचे मिळून तीन फासे जमवा आणि ५० वेळा टाका. बेरीज १२ किंवा कमी किती वेळा आली ते लिहून ठेवा. साधारण ३७ वेळा यायला हवी. फारच वेगळं उत्तर आलं, तर आणखी ५० वेळा टाका. तरीही तसंच आलं, तर फासे तपासा, नाहीतर फासे टाकणाऱ्याला!