पेटीतले फोटो तेरवीची वाट पाहतात

भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराई सोडली, तर सगळ्यात घाईचं काम येतं ते कुणाच्या घरी माणूस गेल्यावर. तेरवीच्या बॅनरला आजोबांचा फोटो हवा असतो. समोर येतो तो लग्नाच्या घोळक्यातला, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर चार जणांकडून फिरून आलेला. चेहरा मोठा केला की नाकडोळे विरघळतात. मूळ फोटो आणा म्हटलं, की उत्तर येतं, ‘तो तर उदईनं (वाळवीनं) खाल्ला.’

आमच्या धानपट्ट्यात पावसाळा हा फोटोंचा वैरी. ओलीनं बुरशी धरते, तसबिरीतला फोटो काचेला चिकटतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचा पूर भंडाऱ्यात घरांत शिरला. अशा वेळी माणसं धान्य आणि कागदपत्रं उचलतात. अल्बम राहून जातो.

पुष्कळ जण स्कॅन करायला सर्वांत जुना काळापांढरा फोटो आधी आणतात. मी म्हणतो, रंगीत आधी आणा. काळ्यापांढऱ्या फोटोत चांदीचे कण असतात, ते बरेच टिकतात. रंगीत फोटोतले रंग पेटीच्या अंधारातही उडतात. जुन्या प्रिंटमध्ये बहुधा निळसर छटा आधी जाते आणि अख्खं वऱ्हाड लालसर दिसू लागतं.

स्कॅन ६०० डीपीआयवर करून मागा. ४ बाय ६ इंचाच्या फोटोचे मग २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. पासपोर्ट फोटोला १२०० डीपीआय लावावा. जपून ठेवायची प्रत टिफमध्ये घ्या. एका फोटोला साधारण २५ एमबी लागतात. वाटायला जेपेग पुरे. डाग काढलेली, रंग भरलेली प्रत वेगळी ठेवा, मूळ स्कॅनला हात लावू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन होतो. निगेटिव्ह असतील तर त्याही आणा. क्लिक-थ्री कॅमेऱ्याची निगेटिव्ह चांगली ६ सेंटिमीटर चौकोनी असते, तिच्यातून छोट्या प्रिंटपेक्षा जास्त बारकावा निघतो.

स्कॅन झाला म्हणजे फोटो वाचला असं नाही. हार्ड डिस्क एक दिवस बंद पडतेच. तीन प्रती करा: एक घरच्या डिस्कवर, एक क्लाउडवर, एक नागपूर-पुण्याच्या लेकीकडे. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. आता १५ जीबीच फुकट, तीही ईमेलसकट. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटोचा आकार घटतो.

आणि नावं लिहा. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’मध्ये घरगुती फोटो त्यांच्या गोष्टीसह ठेवले जातात, ती गोष्टच त्यांना मोल देते. फाइलला ‘१९७४_लाखनी_आत्याचं-लग्न’ असं नाव द्या, वर्ष आधी, म्हणजे क्रम आपोआप लागतो. मूळ फोटोच्या मागं मऊ पेन्सिलनं लिहा. बॉलपेन पुढं उमटतो.

यंत्र चेहरा जपेल, पण ‘हा कोणाचा कोण’ हे घरची म्हातारी माणसंच सांगतील. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला पाहुणे घरी येतातच. यंदा दंडारीचा खेळ बघायला जाण्याआधी पेटी उघडा, आजीला मध्ये बसवा आणि नावं लिहून घ्या. स्कॅन नंतर सावकाश करता येईल.